ग्रेडियंटला पायऱ्या पडतात तेव्हा : नवशिक्या डिझायनरसाठी टप्प्याटप्प्याने

गंगापूर धरणाच्या पाण्यामागे सूर्य बुडाल्यानंतर आकाशाचा जो रंग होतो, तो संगणकावर उतरवण्याचा मोह नाशिकमधल्या बहुतेक डिझायनरांना कधी ना कधी होतोच. मलाही झाला. एका कार्यक्रमाच्या रंगमंचामागील एलईडी भिंतीसाठी मी वर गडद निळा आणि खाली क्षितिजाजवळ केशरी असा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू उतरत जाणारा पट, तयार केला. माझ्या मॉनिटरवर तो सलग दिसत होता, परंतु आदल्या रात्री प्रत्यक्ष भिंतीवर लावून पाहिला तेव्हा आकाशाच्या जागी रामकुंडाच्या घाटासारख्या पायऱ्या दिसू लागल्या. घाबरून मी फाईलला पुन्हा पुन्हा ब्लर दिला, पायऱ्या होत्या तशाच राहिल्या, आणि शेवटी आयोजकांनी साधा एकरंगी पडदा लावून वेळ निभावून नेली.

पुढे बरेच महिने चुका करत मला उमगले की माझी दिशाच उलटी होती. मी चित्र अधिकाधिक गुळगुळीत करू पाहत होतो, आणि ते हवे होते किंचित खरबरीत. हा खरबरीतपणा किती असावा, तो कामाच्या कोणत्या टप्प्यावर द्यावा आणि पुढच्या हातांतून जाताना तो कसा टिकवावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे. नुकतेच या व्यवसायात आलेल्या, फ्लेक्स, पत्रिका, लेबले किंवा स्क्रीनसाठीची चित्रे करणाऱ्या वाचकाला समोर ठेवून मी लिहीत आहे.

पट्टे मुळात का पडतात

नेहमीच्या ८ बिटच्या फाईलमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा प्रत्येक चॅनलला ० ते २५५ असे २५६ आकडे मिळतात. तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग होतात, आणि हा आकडा ऐकून नवख्या माणसाला वाटते की रंगांची काही टंचाई नाही. टंचाई एकूण रंगांची नसतेच. तुमच्या ग्रेडियंटच्या दोन टोकांच्या मध्ये किती आकडे बसतात, तिथे ती असते. समजा १९२० पिक्सेल रुंदीवर तुम्ही करड्या रंगाच्या २० पासून ५० पर्यंत जात आहात. मध्ये फक्त ३१ आकडे आहेत, म्हणजे प्रत्येक आकड्याला सुमारे ६२ पिक्सेल रुंदीचा पट्टा येणार. त्याऐवजी ० पासून २५५ पर्यंत गेलात तर पट्टा साडेसात पिक्सेलचा होतो आणि तो सहसा जाणवत नाही. म्हणूनच भडक ग्रेडियंट निभावून जातात, आणि संथ, गडद, देखणे ग्रेडियंट तुटतात.

त्यात आपला डोळा भर घालतो. दोन सलग छटा एकमेकींना भिडतात त्या रेषेवर डोळ्याला फरक प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. उजळ बाजू कडेला आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद भासते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली हे नोंदवले, आणि त्या भासाला आजही त्याचेच नाव आहे. त्यामुळे फाईलमध्ये एकाच अंकाचा फरक असला तरी अंधाऱ्या सभागृहात तो रेघ ओढल्यासारखा दिसू शकतो.

लागणारी साधने

१६ बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक चॅनलला २५६ पेक्षा कितीतरी जास्त आकडे देऊन, काम करू देणारा प्रोग्राम हवा. फोटोशॉप चालेल, विकत घ्यायचे नसेल तर जिंप आणि क्रिता हे दोन्ही मोफत आहेत. जिंपला ही सोय २०१८ मध्ये आलेल्या २.१० या आवृत्तीपासून आहे, तेव्हा एखाद्या जुन्या संगणकावर त्याआधीची आवृत्ती पडून असेल तर ती बदला. याशिवाय तुमच्या मॉनिटरखेरीज दुसरा एक पडदा हाताशी ठेवा. चांगला मोबाईलही चालतो. छपाईचे काम असेल तर छपाईवाल्याकडून तीन गोष्टी आधीच लिहून घ्या : फाईलचा नेमका आकार, रिझोल्यूशन आणि ते कोणत्या प्रकारची फाईल घेतात. एलईडी भिंतीचे काम असेल तर भिंतीची रुंदी आणि उंची फुटांत विचारू नका, पिक्सेलमध्ये विचारा.

१. पट्टा नक्की कुठे आहे, ते आधी शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चुकीच्या रोगावर औषध देत बसतात. चित्र १०० टक्के झूमवर आणा, कारण कमी झूमवर प्रोग्राम स्वतःच चित्र लहान करून दाखवतो आणि त्या दिसण्यावर विसंबता येत नाही. मग आयड्रॉपर, म्हणजे टेकवलेल्या जागेच्या रंगाचे आकडे दाखवणारे साधन, घ्या. त्याचा नमुना एका पिक्सेलचाच असल्याची खात्री करा; तिथे पाच बाय पाचची सरासरी निवडलेली राहिली असेल तर पुढची सगळी मोजणी फसते. आता पट्ट्याच्या कडेच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा टेकवून आकडे वाचा. तीनांपैकी एक उत्तर मिळेल.

दोन्हीकडचे आकडे अगदी सारखे आले, तर फाईल निर्दोष आहे आणि पट्टा तुमच्या पडद्याचा आहे. स्वस्त मॉनिटर आणि लॅपटॉपचे बरेच पॅनल प्रत्यक्षात ६ बिटचे असतात, म्हणजे प्रत्येक चॅनलला ६४ पायऱ्या. मधल्या छटा ते पिक्सेल भराभर वरखाली करून भासवतात. माहितीपत्रकात १६.७ ऐवजी १६.२ मिलियन रंग लिहिलेले आढळले तर पॅनल या जातीचे आहे असे समजावे. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारी सोयसुद्धा निळ्या चॅनलचे आकडे दाबते आणि नसलेले पट्टे दाखवते. मी एकदा तीन तास एका फाईलशी झुंजलो आणि शेवटी दोष या पिवळ्या प्रकाशाचा निघाला. काम सुरू करण्यापूर्वी ती सोय बंद करण्याची सवय लावून घ्या.

आकड्यांत नेमका एकाचा फरक आला, तर ८ बिटची मर्यादा गाठली गेली आहे. इथे फाईलचे काही बिघडलेले नाही; तिला देण्यासारखी यापेक्षा बारीक पायरीच नाही. पुढचे टप्पे मुख्यतः या स्थितीसाठी आहेत.

फरक दोन, तीन किंवा त्याहून जास्त आला, तर कामाच्या ओघात मधले आकडे गळाले आहेत. ८ बिटमध्ये लेव्हल्स आणि कर्व्हज (उजेड-गडदपणा बदलण्याची साधने) पुन्हा पुन्हा ओढणे, जेपीजी उघडून परत जेपीजीमध्येच साठवणे, कोरलड्रॉमध्ये फाउंटन फिलच्या (तिथल्या ग्रेडियंटच्या) स्टेप्सचा आकडा कमी राहणे, ही याची नेहमीची कारणे. हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती पिक्सेलना आहे हे दाखवणारा आलेख, उघडून पाहिलात तर तो कंगव्यासारखा दातेरी दिसेल. अशा फाईलला मलमपट्टी करण्यापेक्षा ग्रेडियंट मुळापासून नव्याने काढणे कमी वेळाचे असते.

आणखी एक युक्ती. सगळ्यांत वर लेव्हल्सचा एक तात्पुरता ॲडजस्टमेंट लेयर ठेवा आणि त्यात ० ते ६४ हा भाग ताणून ० ते २५५ करा. गडद भागातले फरक चौपट होऊन डोळ्यांसमोर येतात. काम संपल्यावर हाच लेयर पुन्हा चालू करून निकाल तपासायचा असतो : कडा दिसल्या तर काम अपुरे आहे, आणि नुसते बारीक दाणे दिसले तर जमले आहे. फाईल पाठवण्याआधी मात्र तो काढायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि छपाईवाल्याचा फोन आला की साहेब, रात्रीचे चित्र होते ना, मग हे दुपारचे कसे आले.

२. काम १६ बिटमध्ये सुरू करा

फोटोशॉपमध्ये 'इमेज' मेनूतील 'मोड'खाली आणि जिंपमध्ये 'इमेज' मेनूतील 'प्रिसिजन'खाली ही निवड आहे. ग्रेडियंट काढण्यापूर्वी ती करायची. आधी ८ बिटमध्ये ग्रेडियंट काढून नंतर फाईल १६ बिट केली, तर जुन्या ३१ पायऱ्या अधिक मोठ्या घरात राहायला जातात एवढेच; त्या ३१ च राहतात.

माझ्या त्या रात्रीच्या ब्लरची गोष्ट इथे उलगडते. ८ बिटमध्ये २० आणि २१ यांच्या कडेवर ब्लर दिला की मधली सरासरी साडेवीस येते, पण साडेवीस साठवायला जागा नसल्यामुळे ती पुन्हा २० किंवा २१ होते. ब्लर कितीही द्या, कड फार तर थोडी सरकते. तीच फाईल १६ बिट करून मग ब्लर दिला तर साडेवीसला खरोखर जागा मिळते आणि कड विरघळते. म्हणून एखाद्या गिऱ्हाईकाकडून आधीच पट्टे पडलेले चित्र आले आणि मूळ फाईल मिळण्याची आशा नसली, तर तेवढाच भाग निवडून १६ बिटमध्ये ब्लर देणे हा योग्य उपाय आहे. मात्र त्यानंतर चौथा टप्पा केलाच पाहिजे. तो न करता फाईल ८ बिटमध्ये उतरवलीत तर पायऱ्या परत येऊ शकतात.

३. ग्रेडियंट आखतानाच पायऱ्यांना जागा द्या

पहिला उपाय फुकटचा आहे. दोन टोकांच्या रंगांतील अंतर वाढवा, किंवा ग्रेडियंटची लांबी कमी करून उरलेली जागा एकरंगी सोडा. गडद निळ्यापासून जरासा कमी गडद निळा अशी दोन टोके संपूर्ण पडद्यावर ताणण्याचा अट्टाहास ज्याने सोडला, त्याचा अर्धा त्रास तिथेच संपतो.

दुसरा उपाय थोडा सूक्ष्म आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. समजा, १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात वरचा रंग लाल ८, हिरवा १२, निळा ३८ आणि खालचा रंग लाल १४, हिरवा २४, निळा ७० असा आहे. निळ्याला ३३ पायऱ्या मिळतात, हिरव्याला १३ आणि लालला फक्त ७. आपल्याला वाटते की चित्र निळे आहे तर पट्टेही निळ्याचेच असणार. परंतु डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्या चॅनलचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ७२ टक्के असतो, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे अशा आकाशात नजरेला बोचणारे पट्टे बहुधा हिरव्याच्या पायऱ्यांचे असतात, साधारण ८३ पिक्सेलला एक. खालच्या टोकाचा हिरवा आकडा थोडा वाढवून रंग किंचित मोरपिशीकडे झुकवला तर पायऱ्या वाढतात, आणि तिन्ही चॅनलच्या कडा एकाच रेषेवर न येता विखुरतात. शुद्ध करड्या ग्रेडियंटमध्ये तिन्ही चॅनल एकाच जागी पायरी ओलांडतात, म्हणून तो सर्वांत आधी तुटतो. त्यालाही किंचित उबदार किंवा किंचित थंड छटा दिली की फरक पडतो.

तिसरे म्हणजे, मोकळे आकाश मोकळेच असले पाहिजे असे नाही. विरळ ढग, धुके, कागदाचा पोत, काहीही तिथे आले की डोळ्याला सरळ रेघ पकडता येत नाही.

४. दाणे मिसळा : डिदरिंग आणि नॉइज

आता लेखाच्या गाभ्याकडे येतो. एखाद्या ठिकाणी ग्रेडियंटचा खरा आकडा १००.३ आहे असे समजा. साधी पद्धत तो १०० करून टाकते, आणि पुढे १००.५ येईपर्यंत सगळे १०० च राहतात. हाच तो पट्टा. डिदरिंगची पद्धत वेगळी आहे. ती त्या भागातील सुमारे ७० टक्के पिक्सेलना १०० देते आणि ३० टक्क्यांना १०१, तेही विखुरलेले. जरा दुरून पाहणाऱ्या डोळ्याला १००.३ दिसतो. म्हणजे फाईलमध्ये नसलेली छटा डोळ्यात तयार होते.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमुळे आपल्या गावाला ती अनोळखी असण्याचे कारण नाही : पाचशेची नोट भिंगाखाली धरून गांधीजींच्या चेहऱ्याकडे पाहा. गालावरची सावली सलग रंगाची नाही, ती बारीक रेघा आणि ठिपके यांची आहे. संगणकावरच्या चित्रांसाठी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की आकड्यांची गोळाबेरीज करण्यापूर्वी, म्हणजे ते जवळच्या पूर्णांकात नेण्यापूर्वी, त्यांत थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळला तर कमी बिटमध्येही चित्र सलग दिसते. पायऱ्या मोडण्यासाठी मुद्दाम दाणे घालण्याची आजची रीत तिथूनच आलेली आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलच्या पट्टीत 'डिदर' अशी चौकट असते, ती टिकमार्क केलेली ठेवा. जिंपच्या ग्रेडियंट टूलमध्येही 'डिदरिंग'चा पर्याय आहे, आणि जिंपमध्ये १६ बिटमधून ८ बिटमध्ये उतरताना समोर येणाऱ्या खिडकीत लेयरसाठी डिदरिंग निवडता येते. लहान कामाला एवढे पुरते. मोठ्या किंवा गडद कामात मी याच्या जोडीला फाईल १६ बिटमध्ये असतानाच ग्रेडियंटच्या लेयरवर थेट 'ॲड नॉइज' हा दाणे घालणारा फिल्टर लावतो, प्रमाण १ टक्क्याच्या आसपास ठेवतो, आणि मगच ८ बिटमध्ये उतरतो. क्रम महत्त्वाचा आहे. गोळाबेरीज होण्यापूर्वी मिसळलेले दाणे एका अंकाच्या आसपासचे असले तरी काम करतात, कारण मधल्या छटेची माहिती त्या वेळी जिवंत असते. गोळाबेरीज झाल्यानंतर दाणे टाकले तर पायऱ्या नुसत्या झाकल्या जातात, आणि झाकण्यासाठी बरेच जास्त दाणे लागतात.

इथे एक सापळा आहे, ज्यात मी स्वतः बराच काळ अडकलो होतो. अनेक ठिकाणी असे शिकवले जाते की ५० टक्के करड्या रंगाचा लेयर घ्या, त्यावर नॉइज द्या आणि तो 'ओव्हरले' (खालच्या चित्रात मिसळण्याची एक रीत) करून वर ठेवा. उजेडाच्या चित्रात हे छान चालते. परंतु ओव्हरले गडद भागात गुणाकारासारखा वागतो, म्हणजे खालचा रंग जितका गडद तितका दाण्यांचा परिणाम कमी. खालचा आकडा ८ असेल आणि दाणे चार टक्क्यांचे असतील, तर फरक एका अंकापेक्षाही कमी होतो आणि ८ बिटमध्ये तो बहुतेक ठिकाणी शून्य ठरतो. जिथे पट्टे सर्वांत वाईट दिसतात नेमके तिथेच औषध पोहोचत नाही. गडद आकाशासाठी नॉइज सरळ ग्रेडियंटवरच द्या.

'मोनोक्रोमॅटिक' ही चौकट निवडावी की नाही, याबद्दल मतभेद आहेत. ती निवडली तर तिन्ही चॅनलमध्ये दाणे एकसारखे पडतात आणि फिल्मच्या दाण्यांसारखे दिसतात. न निवडल्यास प्रत्येक चॅनलचे दाणे वेगळे असल्यामुळे उजेडातील चढउतार एकमेकांना थोडे छेदतात आणि खरबरीतपणा कमी जाणवतो, मात्र जवळून रंगीत ठिपके दिसू शकतात. पडद्यासाठी मी ती चौकट रिकामी ठेवतो, आणि चित्रात माणसांचे चेहरे असतील तर निवडतो.

ग्रेडियंट स्वतःच्या प्रोग्रामने काढणाऱ्यांसाठी एवढेच : प्रत्येक पिक्सेलचा अपूर्णांकी आकडा काढा, त्यात उणे अर्धा ते अधिक अर्धा यांच्या मधला एक यादृच्छिक आकडा मिळवा, आणि नंतर जवळच्या पूर्णांकात न्या. असे दोन स्वतंत्र यादृच्छिक आकडे मिळवले तर दाण्यांची जाडी सगळीकडे सारखी राहते आणि निकाल अधिक शांत दिसतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची पद्धत उरलेली चूक शेजारच्या चार पिक्सेलांना सोळाव्या भागांच्या हिशोबाने ७, ३, ५ आणि १ अशी वाटून देते. ती फारच कमी रंगांच्या चित्रांना उत्तम आहे. ८ बिटच्या ग्रेडियंटला एवढा खटाटोप लागत नाही.

५. आकार आधी ठरवा, दाणे शेवटी टाका

दाणे एका पिक्सेलचे असतात, म्हणून त्यांच्यानंतर चित्राचा आकार बदलला की ते मरतात किंवा माजतात. चित्र लहान केले तर शेजारचे दाणे एकमेकांत मिसळून सपाट होतात आणि पायऱ्या परत डोके वर काढतात. मोठे केले तर दाणे फुगून डाग दिसू लागतात. रंग, मजकूर, फोटो, आकार हे सर्व पक्के झाल्यावर, अंतिम मापावर, अगदी शेवटी दाणे द्या. त्यानंतर ब्लर, शार्पन किंवा कर्व्हज यांपैकी कशालाही हात लावू नका. माझ्याकडे प्रत्येक कामाच्या दोन फाईल असतात : एक १६ बिटची, दाणे न घातलेली, लेयरसकट, आणि दुसरी पाठवण्याची. गिऱ्हाईकाने 'जरा मोठे करून द्या' म्हटले की पहिल्या फाईलमधून नवीन दुसरी तयार करायची.

६. साठवताना आणि पाठवताना

जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातील बारीक चढउतार आधी फेकून देते. तुम्ही कष्टाने घातलेले दाणे हे तिच्या दृष्टीने फेकण्यालायकच असतात. गुणवत्ता कमी ठेवलीत तर दाणे गेलेले, पायऱ्या परत आलेल्या आणि वर चौकोनी ठोकळे, अशी तिहेरी शोभा होते. शक्य तिथे पीएनजी किंवा टिफ द्या. जेपीजीच हवी असेल तर सर्वांत वरची गुणवत्ता ठेवा. पीएनजी साठवताना २५६ रंगांची छोटी पीएनजी चुकून निवडली जात नाही ना, हेही पाहा. दाण्यांमुळे पीएनजीचा आकार खूप वाढतो, कारण नुसता सलग ग्रेडियंट सहज आवळला जातो आणि दाणे आवळले जात नाहीत. फाईल अचानक जड झालेली पाहून दचकू नका.

मोबाईलवरून मेसेजमध्ये फोटो म्हणून पाठवलेले चित्र बहुधा लहान होऊन आणि पुन्हा जेपीजी होऊन पोहोचते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. आमच्याकडे निम्मे बॅनर मोबाईलवर आलेल्या फोटोवरूनच छापले जातात, तेव्हा हे वाक्य गिऱ्हाईकालाही सांगून ठेवा.

वेबसाइटवर सीएसएसने (पानाची सजावट लिहिण्याच्या भाषेने) काढलेला ग्रेडियंट ब्राउझर रंगवतो, त्यामुळे डिदरिंग आपल्या हातात राहत नाही. तिथे नॉइजची २५६ बाय २५६ पिक्सेलची पारदर्शक पीएनजी तयार करून ती अगदी फिकट स्वरूपात ग्रेडियंटवर फरशीसारखी पसरावी.

७. छपाईचे काम असेल तर

ऑफसेटमध्ये किती छटा निघतील हे प्लेट काढणाऱ्या मशिनवर आणि स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांच्या जाळीवर, ठरते. मशिनचा डीपीआय (एका इंचातले बारीक बिंदू) स्क्रीनच्या एलपीआयने (एका इंचातल्या जाळीच्या ओळी) भागा, उत्तराचा वर्ग करा आणि त्यात कोऱ्या कागदाचा एक मिळवा. २४०० ला १५० ने भागले की १६ येतात, म्हणजे २५७ छटा. तेच १२०० डीपीआयवर ८ येतात आणि छटा उरतात फक्त ६५. पत्रिकेवर काळ्याच्या ० ते १० टक्क्यांचा फिकट ग्रेडियंट २५ सेंटिमीटर लांबीवर दिला, तर २५७ छटांच्या चांगल्या प्लेटवरसुद्धा वाट्याला २५ च्या आसपास पायऱ्या येतात, म्हणजे दर सेंटिमीटरला एक. द्राक्षाच्या पेटीवरील किंवा वाइनच्या बाटलीवरील लेबल लहान असते, त्यामुळे तिथे हा त्रास क्वचित होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरला हमखास होतो. शिवाय ३०० डीपीआयची फाईल १५० एलपीआयवर छापताना चार पिक्सेल मिळून एक ठिपका ठरतो आणि दाण्यांचा जोर साधारण निम्मा होतो, म्हणून छपाईसाठी दाणे पडद्यापेक्षा दुप्पट धरावेत.

फ्लेक्सचे गणित वेगळे. तिथली यंत्रे मुळातच शाईचे विखुरलेले ठिपके टाकतात, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या काही पायऱ्या छापताना आपोआप विरघळतात. पण १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर केला तर फाईल ८,६४० बाय १७,२८० पिक्सेलची होते, आणि एवढ्या लांबीवर उरलेली प्रत्येक पायरी काही इंच रुंद असते. मोठी फाईल उघडत नाही म्हणून पुष्कळ जण दहाव्या भागाच्या मापावर काम करतात. हरकत नाही, परंतु डीपीआय दहापट ठेवलात तरच पिक्सेल तेवढेच राहतात. नाही तर दाणे दहापट मोठे होऊन दुरूनही रवाळ दिसतील.

फ्लेक्सवाल्यांच्या तोंडी बँडिंग, म्हणजे पट्टे पडणे, हा शब्द बहुतेक वेळा वेगळ्याच दोषासाठी असतो. शाई टाकणारे हेड एका फेरीत जेवढी पट्टी छापते, तिच्यात आणि पुढच्या पट्टीत कापड नीट सरकले नाही किंवा नोझल (शाईचे छिद्र) चोंदले असले, तर आडव्या लाइनी येतात. दोष फाईलचा की यंत्राचा यावरून वाद झाला, तर चित्राचा हातभर तुकडा ९० अंशांत फिरवून पुन्हा छापायला सांगा. पट्टे चित्राबरोबर फिरले तर दोष तुमचा. ते हेडच्याच दिशेत राहिले तर यंत्राचा. ही चाचणी सांगितल्यापासून माझे दोन वाद चहावर मिटले आहेत, आणि त्यातल्या एकात चूक माझी होती.

८. एलईडी भिंत आणि व्हिडिओ

व्हिडिओच्या ८ बिटच्या नेहमीच्या मांडणीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ एवढेच, म्हणजे २२० आकडे वापरले जातात, आणि वर फाईल लहान करण्यासाठी दाब देताना गडद भागातील दाणे सर्वांत आधी चिरडले जातात. यंत्रणा घेत असेल तर १० बिटमध्ये एक्स्पोर्ट करा. तिथे ८ बिटच्या सुमारे चौपट पायऱ्या असतात. घेत नसेल तर बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला दिलेली माहिती) वाढवा आणि दाणे नेहमीपेक्षा थोडे जाड ठेवा. चित्र स्थिर असेल तर त्याचा व्हिडिओ करूच नका, पीएनजी चालवायला सांगा.

एलईडी भिंतीला पिक्सेल फार कमी असतात : ३ मिलिमीटर पिचची (दोन पिक्सेलमधले अंतर) ३ मीटर रुंद भिंत म्हणजे आडवे १,००० पिक्सेल. तुम्ही ३,८४० पिक्सेलची फाईल दिली तर भिंतीचा प्रोसेसर ती लहान करतो आणि दाणे सपाट होतात, म्हणून भिंतीच्या नेमक्या पिक्सेलमध्येच फाईल द्या. रात्रीच्या कार्यक्रमात डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून भिंतीचा उजेड खाली आणतात, आणि तो खाली आणला की गडद छटा आणखी कमी उरतात. माझे आकाश बहुधा इथेच फाटले होते. आता मी अशा कामात सर्वांत गडद रंग २० च्या खाली जाऊ देत नाही, आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तंत्रज्ञांना गाठून, भिंतीचा उजेड त्या रात्रीइतकाच ठेवून, ग्रेडियंटची नुसती एक उभी पट्टी लावून पाहतो. ही पट्टी तयार करायला पाच मिनिटे लागतात. ती पेनड्राइव्हमध्ये दाणे घातलेली आणि न घातलेली अशा दोन्ही स्वरूपांत ठेवली, तर मंडपात उभे राहूनच कळते की भिंतीपर्यंत दाणे पोहोचत आहेत की वाटेत कोणीतरी ते पुसत आहे.